लिनक्सवर लॅपटॉपचा सॉफ्टवेअर मोडेम चालत नसेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

ज्या गावांच्या एक्सचेंजपर्यंत ब्रॉडबँड पोचलेले नव्हते, तिथे लॅपटॉपमधला मोडेम (टेलिफोनच्या लाइनवरून संगणकाची माहिती नेणारे साधन) आणि घरचा टेलिफोन एवढ्यावरच इंटरनेट चालत असे. अशा लॅपटॉपवर लिनक्स घातले की पडदा, आवाज, छपाई सगळे बिनबोभाट चालू होते आणि नेमका मोडेम अडून बसतो. हे दुखणे घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण ड्रायव्हर कंपाइल करण्यात रात्री घालवून आलेले असतात आणि दोष मात्र भलतीकडेच निघतो. म्हणून इथला क्रम मी जाणूनबुजून उलटा ठेवला आहे : फुकटात होणारी तपासणी आधी, ड्रायव्हर त्यानंतर आणि स्क्रूड्रायव्हर सर्वांत शेवटी. आज्ञांची आणि संदेशांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

लक्षणे

पहिले आणि सर्वाधिक आढळणारे लक्षण म्हणजे डायलर, म्हणजे फोन लावून देणारा प्रोग्राम, मोडेमच सापडत नसल्याचे सांगतो. मोडेम शोधणारे ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ चालवले की ते टीटीवायएस० पासून टीटीवायएस३ पर्यंतची सिरीअल पोर्टे तपासते आणि हात हलवत परत येते. दुसऱ्या प्रकारात मोडेम सापडतो, पण डायल करायला सांगताच ‘नो डायलटोन’ असे उत्तर देतो. तिसऱ्यात क्रमांक फिरतो, पलीकडच्या मोडेमची शिट्टी आणि खरखर ऐकू येते आणि अर्ध्या मिनिटाने ‘नो कॅरिअर’ येते. चौथ्यात ‘कनेक्ट’ दिसते, पण लगेच पीपीपीडी (फोनच्या जोडणीवर इंटरनेट चालवणारा प्रोग्राम) एखादा निर्गमन क्रमांक, म्हणजे बंद पडण्याचे कारण सांगणारा आकडा, देऊन बंद पडतो. पाचव्यात जोडणी टिकते, आयपी पत्ताही मिळतो, मात्र एकही पान उघडत नाही. याखेरीज काही वेळाने जोडणी आपोआप तुटणे आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) अद्ययावत केल्यावर कालपर्यंत चालणारा मोडेम नाहीसा होणे या दोन तक्रारीही नेहमीच्या आहेत.

आपले लक्षण यांपैकी कोणते आहे, हे आधी लिहून ठेवावे. मोडेमपर्यंत संगणक पोचतो का, मोडेम टेलिफोन लाइनपर्यंत पोचतो का आणि लाइन पलीकडच्या सेवादात्यापर्यंत पोचते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि एका टप्प्याचा उपाय दुसऱ्या टप्प्यावर कधीच लागू पडत नाही.

हा मोडेम मुळात वेगळा का

पूर्ण मोडेममध्ये दोन कामे असतात : आकड्यांचे ध्वनीत आणि ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करणे हे एक, आणि एटी आज्ञा (‘एटी’ने सुरू होणाऱ्या, मोडेमला द्यायच्या आज्ञा) समजून घेणे, चुका दुरुस्त करणे, माहिती आवळणे हे दुसरे. बाहेरच्या सिरीअल मोडेममध्ये या दोन्हींसाठी स्वतंत्र चिप असतात. लॅपटॉपमध्ये मात्र एमडीसी नावाचे काडेपेटीहून लहान कार्ड असते, त्यावर ध्वनीचा कोडेक (विद्युत लहरी आणि आकडे यांची साधी अदलाबदल करणारी चिप) आणि टेलिफोन लाइनशी विद्युत जोडणी करणारा भाग एवढेच असते आणि बाकीचे सगळे गणित संगणकाच्या प्रोसेसरवर ड्रायव्हर करतो. त्यामुळे लिनक्सच्या दृष्टीने हे यंत्र सिरीअल पोर्ट नसून जवळजवळ साउंड कार्डच आहे. योग्य तो ड्रायव्हर चालू नसेल तर शोधण्यासारखा मोडेम अस्तित्वातच नसतो, आणि पहिल्या लक्षणाचे मूळ बहुधा इथेच असते. गणिताचा हा भाग उत्पादकांनी खुला केलेला नाही. म्हणून ड्रायव्हरमध्ये एखादा तयार, बंदिस्त तुकडा येतो आणि त्यामुळे पुढच्या बऱ्याच अडचणी येतात.

लाइन, वायर आणि सॉकेट

लॅपटॉप बाजूला ठेवून त्याच रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या सॉकेटला, साधा फोन लावावा आणि रिसीव्हर कानाला लावावा. डायल टोन येतो एवढ्यावर समाधान मानू नये; कोणताही एक आकडा दाबावा, म्हणजे टोन थांबेल आणि पुढचे काही सेकंद लाइन शांत राहील. त्या शांततेत खरखर, चरचर किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले तर मोडेमला दोष देण्यात अर्थ नाही. बोलताना कान अशी खरखर सहज गाळून टाकतो, मोडेमला ते जमत नाही. जून महिन्यात पहिला पाऊस पडला की माझ्याकडच्या तक्रारी वाढतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा खांबावरच्या डीपीत, म्हणजे टेलिफोनच्या वितरणपेटीत, किंवा तिथून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरच्या सांध्यात ओल शिरल्यामुळे आलेल्या असतात. अशा वेळी १९८ वर तक्रार नोंदवावी. डीपी स्वतः उघडू नये. लाइनवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना त्याहून बराच जास्त प्रत्यावर्ती दाब येतो आणि ओल्या हाताला तो चांगलाच जाणवतो.

त्यानंतर घरातील पॅरलल फोन, कॉलर आयडीची डबी आणि कॉर्डलेसचा तळ काढून फक्त लॅपटॉप जोडून पाहावा. फोनची वायर दोन्ही टोकांनी निघणारी असेल, तर तीच वायर लॅपटॉपला लावावी, म्हणजे वायरची शंका फुकटात मिटते. लॅपटॉपच्या कडेला शेजारीशेजारी दोन सॉकेटे असतात आणि टेलिफोनची अरुंद पिन नेटवर्कच्या रुंद सॉकेटातही शिरते. ती तिथे गेली आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मोडेम स्प्लिटरच्या (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणाऱ्या डबीच्या) फोनच्या बाजूला जोडावा.

कचेरीतल्या किंवा हॉटेलातल्या डिजिटल ईपीएबीएक्सच्या (अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजच्या) सॉकेटात लॅपटॉपचा मोडेम कधीही लावू नये. ती लाइन दिसायला सारखीच असली तरी तिच्यातील दाब आणि प्रवाह वेगळे असतात आणि त्यात मोडेम कायमचा जळू शकतो.

विंडोज उरले असेल तर

लॅपटॉपवर विंडोजही असेल, तर लाइन तपासल्यावर पुढची पाच मिनिटे तिथे घालवावीत. विंडोजमध्ये जोडणी होत असेल तर कार्ड, वायर, लाइन आणि सेवादात्याचे खाते ही चारही एकदम निर्दोष ठरतात आणि शोध फक्त लिनक्सपुरता उरतो. तिथेही ‘नो डायलटोन’ येत असेल आणि साध्या फोनवर टोन स्वच्छ असेल, तर कार्ड गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. मग पुढचा ड्रायव्हरचा भाग वाचण्यापूर्वी शेवटचा भाग वाचावा. विंडोज नसेल, तर निदान बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) जाऊन मोडेम बंद केलेला नाही ना, हे पाहावे. कचेरीतून बाद होऊन आलेल्या लॅपटॉपांत तो पुष्कळदा बंद केलेला असतो.

मोडेम नेमका कोणाचा

संगणकातील यंत्रांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चालवली की काही लॅपटॉपांत ‘एसी-९७ मोडेम कंट्रोलर’ अशी ओळ दिसते आणि तिच्या आरंभी इंटेल, व्हीआयए किंवा एटीआय असे नाव असते. इथे पुष्कळांची दिशाभूल होते. हे नाव फक्त मदरबोर्डवरच्या नियंत्रकाचे आहे. मोडेमचा खरा कर्ता एमडीसी कार्डवरील कोडेक असतो आणि तो वेगळ्याच कंपनीचा असू शकतो. त्यामुळे ‘इंटेल मोडेमचा ड्रायव्हर’ शोधत बसणे व्यर्थ आहे. एसी-९७ नंतर आलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ असलेल्या लॅपटॉपांत तर एलएसपीसीआयच्या यादीत मोडेमचे नावच नसते, कारण तो ध्वनियंत्रणेच्याच मार्गावर दुसरा कोडेक म्हणून बसलेला असतो. मोडेम नाहीच असा निष्कर्ष इथे काढू नये; ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘असाउंड’ या उपनिर्देशिकेत प्रत्येक कार्डाच्या नावाखाली कोडेकच्या फाइली असतात, त्या उघडून पाहाव्यात.

त्या फाइलींत उत्पादकाचा सोळा-आधारी क्रमांक मिळतो. १६३सी म्हणजे स्मार्ट लिंक, १४एफ१ म्हणजे कोनेक्संट, ११सी१ म्हणजे ल्युसंट किंवा तिचीच पुढची एजिअर, आणि १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. हे हाताने करण्याचा कंटाळा असेल तर ‘स्कॅनमोडेम’ नावाची स्क्रिप्ट चालवावी; ती हीच माहिती गोळा करून ‘मोडेम’ नावाच्या निर्देशिकेत लिहून ठेवते आणि कोणता ड्रायव्हर लागेल हेही सुचवते. ओळख पटण्यापूर्वी कोणताही ड्रायव्हर उतरवून घेऊ नये, कारण डायल-अपवरून चुकीचा ड्रायव्हर दोनदा आणणे म्हणजे वेळेचा आणि टेलिफोन बिलाचा निव्वळ अपव्यय आहे.

ड्रायव्हर

स्मार्ट लिंकचा कोडेक निघाला तर काम सोपे आहे. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत (अनुक्रमे नॉन-फ्री आणि मल्टिव्हर्स विभागात) ‘एसएल-मोडेम-डेमन’ हे पॅकेज मिळत असे. जुन्या मार्गदर्शिकांत ‘एसएलएएमआर’ नावाचे कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) कंपाइल करायला सांगितलेले असते, पण २.६ मालिकेपासूनच्या कर्नलमध्ये आल्साचे (लिनक्सच्या ध्वनियंत्रणेचे) स्वतःचे मोडेम ड्रायव्हर असल्याने बहुतेकांना त्याची गरज उरलेली नाही. इंटेलच्या नियंत्रकासाठी ‘एसएनडी-इंटेल८एक्स०एम’, एटीआयसाठी ‘एसएनडी-एटीआयआयएक्सपी-मोडेम’ आणि व्हीआयएसाठी ‘एसएनडी-व्हीआयए८२एक्सएक्स-मोडेम’ ही मॉड्यूले चढलेली आहेत का, हे ‘एलएसमॉड’ने पाहावे. त्यानंतर रूट, म्हणजे प्रशासक, म्हणून ‘एसएलमोडेमडी’ हा डेमन (सतत चालत राहणारा प्रोग्राम) आल्साचा पर्याय आणि देशाचे नाव देऊन चालवावा. आल्साच्या उपकरणाचे नाव बहुधा ‘मोडेम:०’ किंवा ‘मोडेम:१’ असते, हाय डेफिनिशन ऑडिओच्या लॅपटॉपांत ते बहुतेक वेळा ‘एचडब्ल्यू:०,६’ असते. नाव चुकले तर ‘कॅनॉट ओपन प्लेबॅक डिव्हाइस’ अशी तक्रार येते, बरोबर असेल तर ‘डेव्ह’ निर्देशिकेत टीटीवायएसएल० हा दुवा तयार झाल्याचे तो सांगतो. हा दुवा डेमन चालू असेपर्यंतच जिवंत असतो. ती खिडकी बंद केली की मोडेमही गेला.

मोडेमचे मॉड्यूल चढल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला, तर घाबरू नये. मोडेमने पहिल्या साउंड कार्डाची जागा घेतलेली असते. मॉडप्रोबच्या मांडणीत मोडेमच्या मॉड्यूलला ‘इंडेक्स’ उणे २ दिला की तो मागे सरकतो.

कोनेक्संटच्या एचएसएफ वर्गातील मोडेमसाठी लिनक्संट या कंपनीचा ‘एचएसएफमोडेम’ ड्रायव्हर होता. त्याची विनामूल्य आवृत्ती १४.४ केबीपीएसच्या पुढे जात नसे आणि फॅक्सही देत नसे, पूर्ण वेगासाठी परवाना विकत घ्यावा लागे. म्हणून या मोडेमची जोडणी होऊनही वेग कासवाचा असेल, तर लाइन तपासण्यापूर्वी परवान्याची अवस्था पाहावी. एजिअरच्या बाबतीत दोन जाती ओळखाव्या लागतात : ज्यांत स्वतःचा सिग्नल प्रोसेसर आहे अशा जुन्या ल्युसंट मोडेमना २.४ कर्नलवर ‘एलटीमोडेम’ आणि २.६ वर ‘मार्शियन’ चालतो, तर निव्वळ सॉफ्ट मोडेमना ‘एजीआरएसएम’ लागतो. आयबीएमच्या थिंकपॅड ६०० मधील एमवेव्ह मोडेमचा ड्रायव्हर २.६ मालिकेतील कर्नलमध्येच होता. पीसीटेलच्या जुन्या चिप आणि नवा कर्नल ही जोडी जुळवण्याचा खटाटोप मी आता करत नाही आणि कोणाला करायला सांगतही नाही.

जे ड्रायव्हर कर्नल मॉड्यूलच्या रूपात येतात, ते चालू असलेल्या कर्नलसाठीच बांधावे लागतात. ‘यूनेम -आर’ जो क्रमांक देतो, त्याच क्रमांकाची हेडर पॅकेजे (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) हवीत. अन्यथा ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येते. कर्नल अद्ययावत झाल्यावर मोडेम गायब होण्याचे कारणही हेच. तिथे बूट करताना जुना कर्नल निवडला की मोडेम परत येतो. तोच वापरून नव्या कर्नलची हेडर उतरवून घ्यावीत, कारण मोडेमच बंद असताना ती आणणार कुठून. ६४-बिट लिनक्सवर एसएलमोडेमडीमधील बंदिस्त तुकडा ३२-बिट असल्याने त्याला ३२-बिट लायब्ररी लागतात.

‘नो डायलटोन’ : आपल्याकडचा सर्वांत मोठा घोटाळा

ड्रायव्हर नीट आहे, लाइनवर टोन ऐकू येतो, तरीही मोडेम टोन नसल्याचे सांगतो, ही तक्रार मला महाराष्ट्रातल्या वापरकर्त्यांकडून इतर कोणत्याही तक्रारीपेक्षा जास्त येते आणि तिचा उपाय एका ओळीचा आहे. अमेरिकेतील डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन स्वरांचा मिळून बनतो. भारतातला ४०० हर्ट्झचा असून त्यावर २५ हर्ट्झचे आंदोलन चढवलेले असते, ज्यामुळे तो कानाला किंचित घुरघुरल्यासारखा वाटतो. मोडेमचा देश ‘यूएसए’ ठेवलेला असेल, आणि पॅकेजमधून आलेल्या मांडणीत तो बहुधा तसाच असतो, तर तो अमेरिकी स्वर शोधत राहतो आणि आपला टोन त्याला ओळखता येत नाही. एंगेज टोनचेही तसेच आहे : तिथला ४८० आणि ६२० हर्ट्झचा, इथला ४०० हर्ट्झचा. त्यामुळे पलीकडची लाइन व्यस्त असतानाही मोडेम ‘बिझी’ न म्हणता ताटकळत राहतो आणि शेवटी ‘नो कॅरिअर’ म्हणतो, मग माणूस भलताच दोष शोधू लागतो.

म्हणून एसएलमोडेमडीला देश म्हणून ‘इंडिया’ द्यावा. डेबियन आणि उबुंटूत ‘डिफॉल्ट’ निर्देशिकेतील एसएल-मोडेम-डेमनच्या फाइलीत तो कायमचा बदलता येतो. एटी आज्ञेनेच देश ठरवणाऱ्या मोडेमवर ‘एटी+जीसीआय=५३’ द्यावे; ५३ हा भारताचा सोळा-आधारी क्रमांक आहे, अमेरिकेचा बी५. एवढे करूनही अडले तर आरंभीच्या आज्ञांत ‘एटीएक्स३’ घालावे. त्याने मोडेम टोनची वाट न पाहता आंधळेपणाने डायल करतो. फक्त एक लक्षात ठेवावे, एक्स३ हा टोन न ओळखण्यावरचा इलाज आहे, मेलेल्या लाइनवरचा नाही.

या आज्ञा डायलरमध्ये भरण्यापूर्वी मिनिकॉम (मोडेमशी थेट बोलू देणारा प्रोग्राम) उघडून हाताने देऊन पाहाव्यात. ‘एटी’ टंकल्यावर ‘ओके’ आले तर ड्रायव्हर जिवंत आहे. मग ‘एटीडीटी’च्या पुढे स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊन डायल करावे, मोबाइल वाजला की मोडेमपासून एक्सचेंजपर्यंतचा मार्ग सिद्ध झाला. ‘नो डायलटोन’ जाऊनही मोबाइल वाजत नसेल, तर ‘एटीडीपी’ म्हणजे पल्सने पाहावे.

जोडणी होते, पण इंटरनेट मिळत नाही

डब्ल्यूव्हीडायल या डायलरच्या मांडणीत मोडेमचे नाव टीटीवायएसएल० असे हाताने लिहावे आणि ‘कॅरिअर चेक’ हा पर्याय ‘नो’ ठेवावा. एसएलमोडेमडीचे पोर्ट खरे सिरीअल पोर्ट नसल्याने त्यावर कॅरिअरची (पलीकडच्या मोडेमचा संकेत येत आहे हे कळवणारी) तार नसते, आणि डायलर ती शोधत बसला तर चालू जोडणीही तोडतो. ‘कॅनॉट गेट इन्फर्मेशन फॉर सिरीअल पोर्ट’ हा संदेशही याच कारणाने येतो, तो निरुपद्रवी आहे.

पीपीपीडी १९ क्रमांकाने बंद पडला तर नाव किंवा पासवर्ड चुकला आहे. खात्याचे तास संपलेले असण्याची शक्यताही तपासावी. १७ आला तर पलीकडचा सर्व्हर अजून लॉगिन विचारत असताना पीपीपी सुरू झाले आहे, किंवा उलट. डब्ल्यूव्हीडायलमधील ‘स्टुपिड मोड’ या पर्यायाची किंमत बदलून पाहावी. १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला, त्यासाठी पुन्हा लाइनकडे वळावे. केवळ रूटलाच डायल करता येत असेल, तर वापरकर्त्याला ‘डायलआउट’ आणि ‘डिप’ या गटांत घालावे.

आयपी पत्ता मिळून पाने उघडत नसतील, तर ‘रूट -एन’ ही मार्गांची यादी दाखवणारी आज्ञा चालवून पाहावी (इथला ‘रूट’ म्हणजे मार्ग, प्रशासक नव्हे). नेटवर्क कार्डावर आधीचाच डिफॉल्ट मार्ग असेल तर पीपीपीडी तो बदलत नाही, फक्त नोंदवहीत तसे लिहून मोकळा होतो. ते कार्ड बंद करून पुन्हा डायल करावे. मार्ग योग्य असेल आणि आकडी पत्त्याला पिंग जात असेल, तर ‘यूजपीअरडीएनएस’ (संकेतस्थळांची नावे सेवादात्याच्या सर्व्हरवर शोधण्याचा) हा पर्याय घालायचा राहिला आहे.

मध्येच तुटणे

कॉल वेटिंगची सोय असेल तर ती आधी बंद करून घ्यावी, कारण मधला बीप जोडणी तोडायला पुरेसा असतो. त्यानंतर प्रोसेसरकडे पाहावे : मोडेमचे गणित ठरल्या क्षणी झाले नाही तर पलीकडचा मोडेम हात सोडून देतो. जुन्या आयडीई डिस्कवर डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवण्याची सोय) बंद असेल तर मोठी फाइल लिहिली जाताना प्रत्येक वेळी जोडणी तुटते. ‘एचडीपार्म’ने डीएमए चालू करावे. प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारी वीजबचतही त्या वेळेपुरती बंद ठेवून पाहावी. याने फरक पडला नाही, तर ‘एटी+एमएस’ आज्ञेने मोडेमला व्ही.३४ या ३३.६ केबीपीएसच्या मानकापर्यंत मर्यादित करावे. व्ही.९० चा ५६ केचा वेग एक्सचेंजपर्यंतचा तांब्याचा तुकडा चांगला असेल तरच मिळतो. लांबच्या, सांधे असलेल्या लाइनवर स्थिर ३३.६ चा वेग पाच-पाच मिनिटांनी तुटणाऱ्या ४४ पेक्षा उपयोगाचा आहे.

कुठे थांबावे

वळवाच्या पावसात वीज कडाडून गेल्यावर मोडेम मेला असेल, विंडोजमध्येही त्याला टोन ऐकू येत नसेल किंवा सॉकेटाजवळ जळका वास येत असेल, तर ड्रायव्हरशी झगडणे तिथेच थांबवावे. एमडीसी कार्ड दोन स्क्रू आणि एका लहान जोडणीवर बसते आणि बदलताही येते, पण पुष्कळ लॅपटॉपांत त्यासाठी कीबोर्ड व वरचे आवरण उचकावे लागते आणि तिथल्या पातळ पट्टीच्या वायरी एकदा फाटल्या की मोडेमच्या पायी अख्खा लॅपटॉप अडतो. हे काम लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावे आणि जुन्या कार्डावरचाच क्रमांक असलेले कार्ड मागावे. लाइनवरची खरखर रोझेटच्या पलीकडची असेल तर ती लाइनमनचीच.

कार्ड ठीक असून ड्रायव्हरच उपलब्ध नसेल, तर मी बाहेरचा मोडेम घ्यायला सांगतो. सिरीअल पोर्ट असलेल्या लॅपटॉपला बाहेरचा सिरीअल मोडेम कोणत्याही ड्रायव्हरविना चालतो. यूएसबी घ्यायचा असेल तर सावध राहावे, कारण त्यातही निव्वळ सॉफ्टवेअरवर चालणारे असतात; दुकानात लिनक्सचा लॅपटॉप नेऊन जोडून पाहावा आणि ‘डेव्ह’ निर्देशिकेत टीटीवायएसीएम० हे मोडेमचे नाव तयार झाले तरच पैसे द्यावेत. लॅपटॉप नेणे शक्य नसेल तर खोका वाचावा : त्यावर डॉसवर चालतो असे लिहिलेले असेल तर तो पूर्ण मोडेम आहे, आणि फक्त विंडोजचे नाव व किमान प्रोसेसरची अट दिसली तर तो परत ठेवावा.